माळरानावरील धर्मग्राम

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात चुलता-पुतण्या विभक्त झाल्याचा प्रसंग आला आहे. अब्राम आणि लोट यांची गुरेढोरे इतकी वाढली की, एका कुरणात दोघांचा निर्वाह होईना. गुराख्यांत रोज तंटे होऊ लागले. तेव्हा वडीलकीचा हक्क बाजूला ठेवून अब्रामाने निवडीचा पहिला मान पुतण्याला दिला. लोटाने नजर उचलून पाहिले. यार्देनेचे खोरे पाण्याने समृद्ध आणि हिरवेगार दिसले, आणि त्याने ते पसंत केले. तेथे शेजार कोणाचा आहे याची चौकशी त्याने केल्याचे पवित्र शास्त्र सांगत नाही. अब्राम हेब्रोनास गेला आणि तेथे त्याने परमेश्वरासाठी वेदी बांधली. पुढे सदोम नगराचे काय झाले आणि लोटाच्या घराची कशी वाताहत झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे.

पौरोहित्याच्या आजवरच्या वर्षांत आम्ही निरनिराळ्या धर्मग्रामांत सेवा केली. कुटुंब दूरदेशी जावयास निघाले की घरातील कर्ता माणूस बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे दाखले न्यावयास चर्चच्या कार्यालयात येतो, आणि दाखल्यावर शिक्का पडेपर्यंत हळूच विचारतो, "फादर, आमचं तिकडे बरं होईल ना?" वसईची वडिलोपार्जित वाडी विकून कोणी पालघर-डहाणूच्या बाजूस जमीन घेतो, कोणी पुण्या-नाशकाच्या उपनगरात घर पाहतो, तर कोणी थेट कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाची वाट धरतो. आम्ही डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतो. परंतु जावे कोठे, आणि ते कशावरून ठरवावे, हे आम्हास सेमिनरीत कोणी शिकवले नव्हते.

या प्रश्नाचे थोडेफार उत्तर आम्हास ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एका आडवाटेच्या प्रकरणात सापडले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील एका बिशपांनी हजारो गरीब कॅथलिक कुटुंबांना पूर्वेकडील शहरांतून काढून दूर पश्चिमेच्या माळरानावर वसवले. त्या कार्यात त्यांना मोठे यश लाभले, आणि एक अपयश असे आले की त्याची आठवण आजही पुसली गेलेली नाही. यश आणि अपयश या दोहोंची हकिकत येथे सांगावयाची आहे.

शहरात अडकलेले शेतकरी

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. गोरगरिबांचे सारे पोट त्या एका पिकावर. पुढील पाच-सहा वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीच्या तापाने दगावली, आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. त्यांतील फार मोठा लोंढा अमेरिकेच्या न्यूयॉर्क, बॉस्टन, फिलाडेल्फिया या बंदरांत उतरला आणि तेथेच थांबला. जन्माने शेतकरी असलेला हा समाज गोदीतील हमाल, कालवे खणणारा मजूर आणि घरकाम करणारी मोलकरीण झाला. एकेका अंधाऱ्या खोलीत एकाहून अधिक कुटुंबे, खाली दारूचे गुत्ते, बाहेर तुंबलेली गटारे अशा वस्त्यांत त्यांची मुले वाढू लागली. न्यूयॉर्कमधील 'फाइव्ह पॉइंट्स' ही वस्ती तर साऱ्या जगात कुप्रसिद्ध झाली.

पश्चिमेकडे जमीन मुबलक असताना हे लोक शहर सोडून का गेले नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. एक तर पुढच्या प्रवासाचे भाडे त्यांच्या खिशात नव्हते. दुसरे असे की, त्यांची शेती म्हणजे कुदळीने खणलेला बटाट्याचा तुकडा. बैलांचा नांगर आणि गव्हाची विस्तीर्ण शेते त्यांच्या हाताखालची नव्हती. आणि तिसरे कारण आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. आयर्लंडच्या पश्चिम भागात घराला घर लागून गाव वसत असे. संध्याकाळी शेजाऱ्याच्या चुलीपाशी गप्पा, रविवारी एकत्र मिस्सा, मर्तिकाला सारा गाव जागा. शहरातील गल्ली कितीही गलिच्छ असली तरी तेथे हा शेजार होता, आणि कोपऱ्यावर चर्च होते.

दोन पक्ष

१८५६ च्या फेब्रुवारी महिन्यात न्यूयॉर्क राज्यातील बफेलो या शहरी एक परिषद भरली. आयरिश कुटुंबांना शहरांतून बाहेर काढून पश्चिमेच्या भूमीवर वसवावे, हा तिचा हेतू. अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांतून धर्मगुरू व प्रापंचिक प्रतिनिधी तेथे आले होते. पुढाकार होता तो थॉमस डार्सी मॅकगी या तरुण पत्रकाराचा. हाच मॅकगी पुढे कॅनडात गेला, त्या देशाच्या संघराज्याच्या शिल्पकारांत गणला गेला आणि १८६८ साली मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला.

या योजनेला सर्वांत प्रखर विरोध झाला तो न्यूयॉर्कचे आर्चबिशप जॉन ह्यूज यांच्याकडून. ह्यूज हे स्वतः आयर्लंडमधील शेतकऱ्याचे पुत्र. १८१७ साली अमेरिकेत येऊन माळीकाम करीत करीत त्यांनी सेमिनरीची पायरी गाठली होती. गरिबीची त्यांना ओळख होती. त्यांचा आक्षेप असा की, जेथे धर्मगुरू नाही, संस्कार नाहीत आणि शाळा नाही अशा रानात कुटुंबे विखुरली, तर एका पिढीत श्रद्धा लोपेल. शिवाय अशा हाकाटीमागे जमिनीचे सट्टेबाज असतात, आणि पश्चात्तापाची पाळी येते ती गरिबावर. १८५७ साली न्यूयॉर्कमधील एका जाहीर सभेत स्वतः हजर राहून त्यांनी या बेताला विरोध केला, आणि बफेलोच्या योजनेतील जोर ओसरला.

आज मागे वळून पाहता दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते, असे आम्हास वाटते. शहरातील गल्ली मुलांना खाऊन टाकत होती, हे मॅकगीचे म्हणणे खरे. माणूस केवळ जमिनीवर जगत नाही, हे ह्यूज यांचे म्हणणेही खरे. उणीव होती ती दोहोंची सांगड घालणाऱ्या माणसाची.

अशी सांगड त्याच सुमारास दुसऱ्या एका समाजात घातली जात होती. फादर फ्रान्सिस पिर्झ हे स्लोव्हेनियातील मिशनरी १८५२ साली मिनेसोटा प्रदेशात आले, तेव्हा त्यांचे वय पासष्टीच्या पुढे होते. मिसिसिपी नदीच्या वरच्या खोऱ्यातील सुपीक भूमी पाहून त्यांनी जर्मन भाषेतील कॅथलिक वृत्तपत्रांत पत्रे लिहिली आणि जर्मन कुटुंबांना तेथे येण्याचे आवाहन केले. कुटुंबे आली, आणि त्यांच्या पाठोपाठ १८५६ साली बेनेडिक्टाइन संन्यासीही आले. त्यांचा सेंट जॉन्स मठ आजही उभा आहे. स्टर्न्स परगण्यातील गावांची कॅथलिक ओळख त्या पत्रांपासून सुरू होते. धर्मगुरूने जागा पाहिली, मग लोकांना बोलावले, आणि वेदी लवकरच उभी राहिली. हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

एक सुताराचा मुलगा

१८५२ साली मिनेसोटातील सेंट पॉल या नवख्या गावात दोन आयरिश कुटुंबे एकत्र येऊन उतरली. एक होते रिचर्ड आयर्लंड या सुताराचे, दुसरे ओगॉर्मन यांचे. किलकेनी परगण्यातून दुष्काळाच्या काळात निघालेले आयर्लंड कुटुंब व्हरमाँट, मग शिकागो अशी ठिकाणे घेत येथे पोहोचले होते. पुढच्याच वर्षी तेथील बिशप जोसेफ क्रेटिन यांनी या दोन घरांतील एकेक मुलगा निवडून फ्रान्समध्ये सेमिनरीच्या शिक्षणासाठी पाठवला. दोघेही पुढे बिशप झाले. त्यांतील सुताराचा मुलगा म्हणजे जॉन आयर्लंड. जन्म १८३८ चा, गुरुदीक्षा १८६१ ची. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी पलटणीचे धर्मगुरू म्हणून काम केले, आणि १८७५ साली ते सेंट पॉलचे सहायक बिशप झाले.

स्थलांतर म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. दहा-अकराव्या वर्षी बोटीवर चढलेला, तीन गावे बदललेला आणि शेजारच्या कुटुंबाच्या सोबतीने नवी भूमी गाठलेला तो मुलगा होता. शहरी वस्तीत दारूने काय होते हेही त्यांनी पाहिले होते. १८६९ पासून ते संपूर्ण मद्यत्यागाच्या चळवळीत अग्रभागी होते.

१८७६ साली त्यांनी कॅथलिक वसाहत कार्यालय स्थापन केले. काळ मोठा विलक्षण होता. सरकारने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दुतर्फा एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे बक्षीस दिले होते. परंतु १८७३ च्या आर्थिक कोसळीने कंपन्या डबघाईला आल्या होत्या, आणि त्याच वर्षापासून पश्चिम मिनेसोटावर टोळधाड येऊ लागली होती. पीक उभे राहिले की आकाश काळे व्हावे आणि सायंकाळपर्यंत शेत उघडे पडावे, असे हे संकट १८७७ पर्यंत पुनःपुन्हा येत राहिले. त्या वर्षीच्या २६ एप्रिलला गव्हर्नर पिल्सबरी यांनी साऱ्या राज्यात प्रार्थनेचा दिवस पाळण्यास सांगितले. कोल्ड स्प्रिंग या गावच्या भाविकांनी पवित्र मरियामातेच्या सन्मानार्थ टेकडीवर छोटेसे ख्रिस्तमंदिर बांधले. १८९४ च्या वादळात ते कोसळले. पुढे १९५२ च्या सुमारास त्याच जागी ग्रॅनाइट दगडात ते पुन्हा उभे राहिले.

जमिनीला गिऱ्हाईक नाही आणि गरिबाला जमीन नाही, अशा त्या घडीला बिशपांनी रेल्वे कंपनीशी करार केला. जमीन त्यांनी स्वतः विकत घेतली नाही. गरिबांच्या पैशावर जोखीमही घेतली नाही. ठरावीक मुदतीपर्यंत त्या पट्ट्यातील रेल्वेची जमीन आपल्या कार्यालयामार्फतच विकली जावी, एवढा हक्क त्यांनी मिळवला. पहिल्या करारातच स्विफ्ट परगण्यातील एक लाखाहून अधिक एकर जमीन आली. रेल्वेच्या तुकड्यांच्या मधले तुकडे सरकारी होते, आणि १८६२ च्या कायद्याने तेथे पाच वर्षे वस्ती व मशागत करणाऱ्यास जमीन केवळ नाममात्र शुल्कात मिळत असे. अशा रीतीने सलग वस्ती होण्याची सोय झाली.

बिशपांच्या पद्धतीतील दोन गोष्टी आम्हास विशेष वाटतात. करार झाला की लगेच त्या जागी निवासी धर्मगुरू नेमावयाचा आणि चर्च बांधावयास घ्यावयाचे, हा त्यांचा शिरस्ता होता. नवागत गाडीतून उतरला की त्याला भेटणारा पहिला माणूस जमिनीचा दलाल नसे, तो त्याचा धर्मगुरू असे. आर्चबिशप ह्यूज यांच्या आक्षेपाला दिलेले हे उत्तरच होते. दुसरी गोष्ट अशी की, ज्याच्याजवळ प्रवास, घर, बैल, बियाणे आणि पहिल्या वर्षाचा शिधा यांपुरते पैसे आहेत त्यानेच यावे, असा त्यांचा आग्रह असे. माळाची जमीन गवताच्या मुळांनी घट्ट विणलेली असते. ती मे-जून महिन्यांत फोडावी लागते, मुळे कुजू द्यावी लागतात, आणि गव्हाचे खरे पीक येते ते दुसऱ्या वर्षी. तोवर घर चालले पाहिजे.

दे ग्राफ, क्लॉन्टार्फ, अव्होका, आयोना, फुल्डा, एड्रियन, ग्रेसव्हिल, मिनिओटा, घेंट अशी गावे वसत गेली. क्लॉन्टार्फचे नाव १०१४ सालच्या आयरिश रणभूमीवरून आले, घेंटचे बेल्जियममधील नगरावरून. कारण या वसाहतींत आयरिशांखेरीज बेल्जियन, जर्मन आणि फ्रेंच-कॅनेडियन कुटुंबेही आली. क्लॉन्टार्फला संत मलाखी यांचे, दे ग्राफला संत ब्रिजिट यांचे चर्च झाले. सुरुवातीच्या काळात गावांत दारूच्या दुकानांना मनाई होती. १८७६ ते १८८१ या अवधीत चार हजारांहून अधिक कुटुंबे सुमारे चार लाख एकर भूमीवर वसली, असा हिशेब या विषयाचे इतिहासकार देतात.

ती भूमी कोणाची होती?

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्या माळाला त्या काळचे कागद 'रिकामी जमीन' म्हणतात, तो डकोटा लोकांचा देश होता. १८५१ च्या करारांनी तो त्यांच्या हातून गेला. कबूल केलेले पैसे आणि धान्य वेळेवर मिळेना. १८६२ च्या उन्हाळ्यात उपासमार सहन न होऊन त्यांनी शस्त्र उचलले. दोन्ही बाजूंची शेकडो माणसे मेली. त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला मॅन्काटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. फादर ऑगस्टीन राव्हू यांनी त्यांतील अनेकांना मृत्यूपूर्वी बाप्तिस्मा दिला होता. पुढच्या वर्षी कायदा करून त्या लोकांना राज्याबाहेर घालवण्यात आले.

आपल्या देशातून हुसकलेल्या आयरिश माणसाने अशा भूमीवर घर बांधले, जिच्यावरून दुसरा कोणी चौदा-पंधरा वर्षांपूर्वी हुसकला गेला होता. याचा दोष एकट्यादुकट्या कुटुंबावर टाकता येणार नाही. परंतु त्या काळच्या धर्मगुरूंनी या गोष्टीचा पुरेसा विचार केला, असेही आम्हास म्हणवत नाही. जेथे आपण जातो तेथे आपल्या आधी कोण होते, हा प्रश्नही निवडीचाच भाग आहे.

ग्रेसव्हिलचा हिवाळा

आता त्या अपयशाकडे वळू. १८७९ साली आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पुन्हा पीक बुडाले. कॉनेमारा हा तेथील खडकाळ, समुद्राकाठचा प्रदेश. थोडी मासेमारी, थोडे बटाटे, आणि आयरिश हीच बोलीभाषा. लिव्हरपूलचे फादर जेम्स न्यूजंट हे अनाथ मुलांसाठी आयुष्य वेचणारे धर्मगुरू. त्यांनी देणग्या जमवून कॉनेमारातील काही कुटुंबांच्या बोटभाड्याची सोय केली आणि बिशप आयर्लंड यांना त्यांचा स्वीकार करण्याची विनंती केली. ही कुटुंबे कफल्लक होती. बिशपांच्या योजनेत त्यांना जागा नव्हती. परंतु भुकेल्याला नाही कसे म्हणावे? बिशपांनी होकार दिला.

१८८० च्या जून महिन्यात 'ऑस्ट्रियन' नावाचे जहाज तीनशेहून अधिक माणसांना घेऊन गॉलवेहून निघाले आणि बॉस्टनला लागले. तेथून आगगाडीने ही मंडळी मिनेसोटाला आली. काही थोरल्या मुलामुलींना सेंट पॉल शहरात काम मिळवून देण्यात आले. बाकीच्यांना बिग स्टोन परगण्यातील ग्रेसव्हिल येथे नेण्यात आले. प्रत्येक कुटुंबाला १६० एकर जमीन, लाकडी घर आणि थोडी नांगरून दिलेली जागा मिळाली.

वाचकहो, आपल्याकडे गुंठ्यांच्या हिशेबाने शेती करणाऱ्याला १६० एकर म्हणजे ६,४०० गुंठे हा आकडा ऐकून हेवा वाटेल. कॉनेमाराच्या त्या माणसाला काय वाटले असेल, याचा मात्र आम्ही अनेकदा विचार केला आहे. एका चौरस मैलात फक्त चार घरे. दाराशी उभे राहून हाक मारली तर कोणाच्या कानी जाणार नाही. झाड नाही, सरपण नाही, समुद्र नाही. घोड्यांचा वा बैलांचा नांगर त्याने कधी धरलेला नाही. आसपासचे शेतकरी कॅथलिक असले तरी इंग्रजी बोलणारे आणि स्वतःच्या पैशाने आलेले. या नव्या लोकांची भाषा त्यांना समजत नाही आणि त्यांचे दारिद्र्य त्यांना लाजिरवाणे वाटते. शिवाय जून संपता संपता आलेल्या या कुटुंबांना त्या वर्षी पीक मिळणारच नव्हते.

त्यातच १८८० च्या ऑक्टोबरच्या मध्यालाच हिमवादळ आले. तो हिवाळा त्या प्रदेशाच्या इतिहासात 'कठोर हिवाळा' म्हणून ओळखला जातो; बर्फाने लोहमार्ग आठवडेच्या आठवडे बंद पडत. पातळ फळ्यांच्या घरांत कुटुंबे कुडकुडू लागली, बटाटे गोठून गेले. डिसेंबरात वृत्तपत्रांतून बातमी फुटली की, बिशपांनी आणलेले लोक उपाशी मरत आहेत. बिशपांचे सहकारी डिलन ओब्रायन चौकशीसाठी गेले. एक बाजू म्हणे, हे लोक आळशी आहेत, दिलेले काम करीत नाहीत, मदतीची वाट पाहत बसतात. दुसरी बाजू म्हणे, बिशपांनी त्यांना मरणाच्या दारी आणून सोडले. मदत पाठवण्यात आली, पण मने फाटली ती फाटलीच. १८८१ च्या वसंतात बिशपांनी ही कुटुंबे माळावरून उचलून सेंट पॉल शहरात आणली. रेल्वेच्या रुळांनजीक ओढ्याकाठी त्यांची झोपड्यांची वस्ती झाली. लोक तिला 'कॉनेमारा पॅच' म्हणू लागले. ज्या शहरी गल्लीतून गरिबांना सोडवावयाचे म्हणून हा सारा खटाटोप होता, तेथेच ही माणसे येऊन पोहोचली.

विशेष हे की, शहरात त्यांचे पाय टिकले. रेल्वेत मजुरी मिळाली, घराशेजारी घर होते, आयरिश बोलणारा शेजारी होता, आणि चालत जाण्याजोगे चर्च होते. माळावर आळशी ठरलेली माणसे रुळांवर राबताना आळशी राहिली नाहीत. यावरून दोष त्यांच्या हाडात नव्हता, हे उघड होते.

मग दोष कोणाचा? हिवाळ्याचा खरा, पण केवळ हिवाळ्याचा नाही. तोच हिवाळा ग्रेसव्हिलच्या इतर कुटुंबांनी सोसला आणि ती टिकली. आमच्या अल्प मतीप्रमाणे, बिशपांनी आपला स्वतःचा नियम दयेपोटी मोडला आणि मोडताना त्याच्या जागी दुसरी व्यवस्था उभी केली नाही, हे खरे कारण होय. पैसा असलेल्या कुटुंबासाठी आखलेली योजना त्यांनी कफल्लक कुटुंबाला तशीच लागू केली. या लोकांना कमी जमीन, जवळजवळ घरे, दोन वर्षांचा शिधा आणि त्यांची भाषा जाणणारा सोबती लागत होता. त्यांना मिळाले १६० एकर आणि एकटेपण. दया होती, तीत खोट नव्हती. परंतु ज्याच्यावर दया करावयाची त्याला आधी ओळखावे लागते, तेवढी सवड त्या घाईत कोणी घेतली नाही.

बिशप आयर्लंड १८८८ साली आर्चबिशप झाले आणि १९१८ साली निवर्तले. त्यांनी वसवलेली गावे आजही नकाशावर आहेत. यंत्रे आली, शेते मोठी झाली, तरुण शहराकडे गेले. दे ग्राफ, क्लॉन्टार्फ, अव्होका येथे आज शे-सव्वाशेच्या आसपास माणसे राहतात. कॉनेमारा पॅच तर केव्हाच उठून गेली. तथापि त्या चार हजार कुटुंबांच्या मुलांनी गल्लीऐवजी मोकळे आकाश पाहिले, शाळा पाहिली, आणि त्यांची श्रद्धा टिकली, हे या कार्याचे फळ कोणी नाकारू शकत नाही.

आमच्यापुरते

ही हकिकत आम्ही दूरच्या देशाची गंमत म्हणून सांगितली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या एका धर्मग्रामातील कुटुंब वाडी विकून दूर निघाले. जमीन स्वस्त होती, पाणी भरपूर होते, रस्ताही होणार होता. त्यांनी आम्हास विचारले आणि आम्ही आनंदाने आशीर्वाद दिला. तेथे जवळचे चर्च किती अंतरावर आहे, हे आम्ही विचारले नाही. घरातील आजीला तेथे बोलावयास कोण भेटेल, हे विचारले नाही. जी शेती तुम्हाला येते ती त्या मातीत होते का, पहिले पीक हाती येईपर्यंत चूल कशावर पेटेल, आणि ज्याची ती जमीन होती तो ती राजीखुशीने सोडून गेला का, यांतले काहीही आम्ही विचारले नाही. तीन वर्षांत ते कुटुंब परत आले. गावात त्यांची वाडी उरली नव्हती. भाड्याच्या खोलीत राहून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी आम्हास कधी दोष दिला नाही. त्यामुळेच ते शल्य अधिक बोचते.

तेव्हापासून दाखला न्यावयास कोणी आले की आम्ही शिक्का मारण्याआधी खुर्ची पुढे करतो. जमिनीचा भाव शेवटी विचारतो. आधी विचारतो, तिथे रविवारी कोठे जाल? आजारपणात मध्यरात्री कोणाचे दार ठोठावाल? मुलांच्या शाळेची वाट कशी आहे? आईने जाण्यास मनापासून होकार दिला आहे का? पाहणी करण्यास एकटा बाप गेला होता, की दोघे मिळून गेला होता? पावसाळ्यात पाहिलेत की उन्हाळ्यात? तेथे आपल्या आधी राहणारे लोक कोण आहेत, त्यांच्याशी दोन शब्द बोललात का? काही जण या प्रश्नांनी अस्वस्थ होतात. काही जण परत जाऊन, पुन्हा एकदा ती जागा पाहून येतात आणि मग निघतात. काही थोडे बेत रद्दही करतात.

जाऊच नये, असे आम्ही कोणास सांगत नाही. अब्राहाम निघाला म्हणून तर आपली सारी कथा सुरू झाली. परंतु लोटाने एक खोरे नजरेने पाहिले आणि तंबू उचलला. अब्राहामाने जेथे तंबू ठोकला तेथे वेदी रचली, आणि मम्रे व त्याचे भाऊ यांच्याशी करार करून शेजारही जोडला. पुढे लोट शत्रूच्या हाती सापडला तेव्हा त्याला सोडवण्यास अब्राहामाबरोबर हेच शेजारी निघाले होते.

दाखल्याच्या कागदावर नव्या धर्मग्रामाचे नाव लिहिण्यास एक ओळ कोरी असते. ती ओळ भरता येत नसेल, तर वाडीचा सौदा आणखी महिनाभर थांबवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.